यंत्र चालले, कंपनी बसली

नव्या वैद्यकीय यंत्राची बातमी आली की चार पैसे गाठीला असलेल्या माणसाच्या मनात दोन विचार एकदम येतात. यात लोकांचे भले आहे, हा एक. यात कमाई आहे, हा दुसरा. दोन्ही विचार चांगले आहेत, आणि म्हणूनच या धंद्यासाठी भांडवल मागणाऱ्याचे काम सोपे होते. सुताच्या किंवा सिमेंटच्या कंपनीचा शेअर विकायला आलेला दलाल फक्त नफ्याच्या गोष्टी करतो. आंधळ्याला दिसू लागेल, बोटातल्या थेंबभर रक्तावर सगळ्या तपासण्या होतील, असे सांगणारा मात्र नफ्याबरोबर सवाबही देऊ करतो.

आमचे बहुतेक वाचक स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारे आहेत. यंत्रमाग, बेकरी, गॅरेज, फर्निचर, भंगार, मासळी यांत मिळवलेला पैसा त्यांच्यापैकी अनेकांना व्याजावर ठेवायचा नसतो. जमिनीचे भाव आवाक्याबाहेर गेलेले असतात. अशा वेळी कोणी ‘भागीदारी’ हा शब्द उच्चारला की कान टवकारतात. त्यात रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि अमेरिकेतले शेअर घरबसल्या घेता येतात. तिकडच्या नव्या कंपन्यांची हवा त्यामुळे इकडच्या दुकानापर्यंत पोचते.

या धंद्यात पैसा कसा जातो हे समजावे म्हणून आम्ही एक खरी कंपनी निवडली आहे. ती लबाड नव्हती. तिचे यंत्र बनावट नव्हते. ते माणसांच्या डोळ्यांत बसवले गेले आणि चालले. तरीही भागधारकांचे पैसे गेले. लबाडाच्या हकीकतीपेक्षा ही हकीकत व्यापाऱ्याला जास्त शिकवते, असे आम्हाला वाटते.

साठ दिव्यांची नजर

कंपनीचे नाव सेकंड साइट. १९९८ मध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ती उभी राहिली. तिच्या पाठीशी होते आल्फ्रेड मान. हा ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा. हृदयाचे पेसमेकर, मधुमेह्यांचे इन्सुलिन पंप, बहिऱ्यांसाठी कानात बसवायचे यंत्र, अशा एकेका कंपनीतून त्यांनी मोठे नाव आणि पैसा मिळवला होता. त्यांची मिनिमेड ही इन्सुलिन पंपाची कंपनी २००१ मध्ये मेडट्रॉनिकने विकत घेतली होती. सांगायचा मुद्दा असा की सेकंड साइटमागचा माणूस नवशिका नव्हता.

यंत्र होते रेटिनायटिस पिग्मेंटोसा या आजारासाठी. हा आजार रातांधळेपणाने सुरू होतो आणि हळूहळू नजर पूर्ण जाऊ शकते. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण त्यांच्या मागच्या काही पेशी जिवंत राहतात. त्या जिवंत पेशींना विजेचे बारीक टोचे देऊन मेंदूपर्यंत प्रकाशाची खूण पोचवायची, ही कल्पना. चष्म्यावर लहान कॅमेरा, कमरेला एक छोटे संगणक यंत्र, आणि डोळ्याच्या पडद्यावर बसवलेला साठ टोकांचा पातळ पत्रा. साठ दिव्यांच्या फलकावर चित्र काढले तर जेवढे कळेल, साधारण तेवढीच ही नजर. चेहरा ओळखता येत नसे, पण दार कुठे आहे, रस्त्यावरचा पांढरा पट्टा कुठे आहे, ताटाची कड कुठे आहे, हे काही रुग्णांना कळू लागले. वर्षानुवर्षे अंधारात असलेल्या माणसाला याचे मोल किती, हे सांगायला नको.

या यंत्राचे नाव अ‍ॅरगस दोन. अमेरिका आणि युरोपातील ३० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. ३० पैकी ११ रुग्णांना मिळून २३ गंभीर त्रास झाले, हेही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उघड सांगितले होते. काही लपवलेले नव्हते.

एक बारकावा मात्र फार थोड्यांनी वाचला असेल. अमेरिकेतली परवानगी नेहमीची नव्हती. थोड्या रुग्णांना होणाऱ्या आजारांवरच्या यंत्रांसाठी तिथे एक सवलतीचा मार्ग आहे. त्यात यंत्र परिणामकारक असल्याचा पूर्ण पुरावा मागत नाहीत. ते सुरक्षित आहे आणि त्याचा फायदा होण्याचा संभव आहे एवढे दाखवावे लागते. अ‍ॅरगसला परवानगी मिळाली त्या वेळी या मार्गाची अट होती की वर्षाला ४,००० हून कमी रुग्णांना लागणारे यंत्रच त्यात बसेल. म्हणजे जो कागद दाखवून कंपनी मोठी झाली, त्याच कागदावर गिऱ्हाईक थोडे आहे असेही लिहिलेले होते.

नऊ डॉलरचा शेअर

नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात आली. शेअर ९ डॉलरला दिला गेला. पहिल्याच दिवशी त्याचा भाव दुपटीहून वर गेला. आंधळ्याला नजर देणारी जगातली पहिली कंपनी, अमेरिकेचा परवाना हाती, मागे आल्फ्रेड मान यांच्यासारखा माणूस. घेणाऱ्याला आणखी काय हवे?

हवे होते ते गिऱ्हाईक. अमेरिकेत या आजाराचे अंदाजे एक लाख रुग्ण. त्यातले बहुतेक असे की त्यांना थोडेफार दिसते, म्हणून ते या यंत्राच्या व्याख्येत बसत नाहीत. यंत्राची किंमत सुमारे दीड लाख डॉलर; शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा; पुढे नवी नजर वापरायला शिकवण्याचे महिने वेगळे. ही रक्कम रुग्ण खिशातून देत नाही. सरकारी मेडिकेअर योजनेने किंवा विमा कंपनीने ती मंजूर करावी लागते, आणि प्रत्येकाकडे वेगळी फाइल, वेगळा वाद.

परिणाम असा की जगभरात मिळून साडेतीनशेच्या आसपासच रुग्णांना हे यंत्र बसले. कंपनीची वर्षाची विक्री एकदाही एक कोटी डॉलरला पोचली नाही. खर्च मात्र त्याच्या कितीतरी पट होता. संशोधक, शल्यविशारदांचे प्रशिक्षण, प्रयोगशाळा, परवान्यांची कागदपत्रे, यांतले काहीच विक्री कमी झाली म्हणून कमी करता येत नाही. बेकरीवाला मंदीत एक भट्टी बंद ठेवतो. शरीरात बसवायच्या यंत्राच्या कारखान्याला ती सोय नाही.

भाग कसा पातळ होतो

विक्रीतून खर्च भागत नाही तेव्हा अशी कंपनी कर्ज सहसा काढत नाही, कारण तिला कर्ज कोणी देत नाही. ती नवे शेअर विकते. जुन्या भागधारकाच्या दृष्टीने ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. शंभर भागांच्या दुकानात आपले दहा भाग असतील तर आपण दहाव्या हिश्श्याचे मालक. दुकानाला पैसे कमी पडले म्हणून आणखी शंभर भाग विकले, तर आपले दहा भाग तसेच राहिले, पण मालकी विसाव्या हिश्श्यावर आली. दुधात पाणी घातले तरी भांडे भरलेलेच दिसते, तसा हा प्रकार. सेकंड साइटने हे अनेकदा केले.

२०१९ मध्ये कंपनीने अ‍ॅरगसचे उत्पादन थांबवले. डोळ्याऐवजी थेट मेंदूवर बसवायच्या ओरायन या नव्या यंत्रावर लक्ष द्यायचे तिने ठरवले. २०२० च्या सुरुवातीला आठ शेअर गोळा करून त्यांचा एक केला गेला. भाव फार खाली गेला की तो कागदावर वर दिसावा म्हणून कंपन्या असे करतात. मार्च २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने नवे शेअर विकले ते १ डॉलरला एक.

आता हिशेब मांडू. २०१४ मध्ये ज्याने ९ डॉलरने एक हजार शेअर घेतले, त्याचे ९,००० डॉलर गेले. आठाचा एक केल्यावर त्याच्या हाती १२५ शेअर राहिले. १ डॉलरच्या भावाने त्यांचे मोल १२५ डॉलर. या साडेपाच वर्षांत कोणी चोरी केली नव्हती. यंत्र खोटे ठरले नव्हते.

या पडझडीत भागधारकांपेक्षा वाईट गत रुग्णांची झाली. डोळ्यात यंत्र, पण दुरुस्तीला माणूस नाही, सुटा भाग नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये आयट्रिपलई स्पेक्ट्रम या अभियांत्रिकी मासिकाने ही कहाणी जगापुढे मांडली. कापडाचा व्यापारी बुडाला तर गिऱ्हाइकाच्या अंगावरचा सदरा फाटत नाही. इथे कंपनी बुडाली आणि काहींची नजर पुन्हा विझण्याची पाळी आली. अशा कंपनीत आपण भागीदार होतो तेव्हा या बाजूचाही विचार करावा लागतो.

बातमीची तेजी

मार्च २०२१ मध्ये सेकंड साइटच्या सुधारित चष्म्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. बातमी येताच शेअर काही दिवसांत अनेक पटींनी चढला. गिऱ्हाईक वाढले नव्हते, कारखाना सुरू झाला नव्हता. वाढली होती ती फक्त बातमी. वर चढताना ज्यांनी घेतला त्यांनी कंपनीचा भाग घेतला नाही, आपल्यापेक्षा घाईचा कोणी मागून येईल या आशेवर पैसे लावले. ऑगस्ट २०२२ मध्ये ही कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली आणि विवानी मेडिकल या नव्या नावाने राहिली.

तेव्हाच फ्रान्समध्ये पिक्सियम व्हिजन नावाची कंपनी कृत्रिम नजरेवरच काम करत होती. तीही २०१४ मध्येच शेअर बाजारात, पॅरिसला, आली होती. जानेवारी २०२१ मध्ये दोघींनी एकत्र यायचे ठरवले. एप्रिलपर्यंत ते मोडले. पुढे पिक्सियमचे भांडवल संपले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये तिची मालमत्ता अमेरिकेच्या सायन्स कॉर्पोरेशन या कंपनीने घेतली. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये पिक्सियमच्या प्रिमा या यंत्राचे निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. वर्षभर तपासलेल्या ३२ वृद्ध रुग्णांपैकी २६ जणांची नजर लक्षणीय सुधारली होती. अक्षरे वाचता येऊ लागली होती. कल्पना खरी ठरली. पण जुन्या भागधारकांना त्याचा उपयोग नव्हता, कारण माल तयार होईपर्यंत दुकान दुसऱ्याच्या नावावर गेले होते.

जिथे यंत्रच नव्हते

दुसऱ्या टोकाला थेरानॉस आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या या अमेरिकन कंपनीचा दावा होता की बोटातल्या थेंबभर रक्तावर तिचे यंत्र असंख्य तपासण्या करते. २०१४ मध्ये तिची किंमत ९०० कोटी डॉलर धरली जात होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दाखवून दिले की तिच्या यंत्रावर थोड्याच तपासण्या होतात आणि बाकीच्या ती बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्यांच्या यंत्रांवर करते. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि त्याच वर्षी अकरा वर्षांहून जास्त कैद झाली.

त्यात वॉलमार्टच्या वॉल्टन कुटुंबाचे सुमारे १५ कोटी डॉलर आणि वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मरडॉक यांचे १२ कोटींच्या आसपास डॉलर गेले. ही काही भोळी माणसे नव्हेत. पण लेखापरीक्षकाने तपासलेला ताळेबंद त्यांच्यापुढे ठेवला गेला नव्हता, तरीही पैसे गेले. पाच हजारांची उधारी देताना आपला दुकानदार जेवढी चौकशी करतो, तेवढीही इथे झाली नाही. मोठी नावे आधीच आत आहेत, म्हणजे त्यांनी पाहिले असेल, असे प्रत्येकाने धरले.

आपल्याकडचा हिशेब

आपल्या देशात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. धोक्यानुसार उपकरणांचे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. ए म्हणजे सर्वांत कमी धोक्याचे, डी म्हणजे सर्वांत जास्त. हृदयातील स्टेंट या शेवटच्या वर्गात येतो. वर्ग जितका वरचा, तितकी परवान्याची वाट लांब आणि भांडवल अडकण्याचा काळ मोठा.

शिवाय इथे सरकार भाव ठरवू शकते. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटची २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी औषध लावलेला स्टेंट रुग्णाला लाखाच्या वर पडत असे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांनाही कमाल किंमत लागली. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर हे योग्यच झाले, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्याचा फायदा पोचला आहे. पण जुन्या भावावर नफा मांडून ज्याने भांडवल घातले असेल, त्याचा हिशेब एका आदेशात बदलला. भावपत्रक आपल्या हाती नाही हे धरूनच या धंद्यात उतरावे.

जुगार कुठे सुरू होतो

आमच्या वाचकांना एक प्रश्न हमखास पडेल: यात पैसा घालणे जायज आहे का? फतवा देणे हे आमचे काम नाही. ते आलिमांना विचारावे. व्यापाराच्या बाजूने जे दिसते तेवढे सांगतो. मुदारबाची रीत आपल्या लोकांना ठाऊक आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरल्या प्रमाणात, आणि भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. नव्या यंत्राच्या कंपनीत समजून उमजून घेतलेला भाग या रीतीच्या जवळ जातो. न वाचता, केवळ भाव चढतो म्हणून घेतलेला तोच भाग जुगाराच्या जवळ जातो. शेअर एकच असतो. फरक घेणाऱ्याच्या माहितीत आणि हेतूत असतो.

याच कसोटीवर दुसरी गोष्टही ओळखता येते. यंत्र अजून चाचणीत आहे आणि तरी दरमहा ठरावीक नफा देतो, असे कोणी सांगितले तर ते रीतीलाही धरून नाही आणि हिशेबालाही. जिथे विक्रीच सुरू झालेली नाही तिथे दरमहा नफा येणार कुठून? तो येतो मागून आलेल्याच्या पैशातून. बंगळूरची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी जून २०१९ मध्ये बंद पडली तेव्हा हलाल नफ्याच्या नावावर पैसे ठेवलेली हजारो मुस्लिम कुटुंबे रस्त्यावर आली, हे विसरून चालणार नाही.

विचारायचे सहा प्रश्न

अशा कंपनीचा भाग घ्यावा की नाही, याचे एकच उत्तर आम्ही देणार नाही. नवी यंत्रे कोणीतरी भांडवल घातल्याशिवाय बनत नाहीत. पेसमेकरही एकेकाळी असाच अनिश्चित धंदा होता. पण पैसे देण्यापूर्वी सहा प्रश्न कागदावर लिहून विचारावेत आणि उत्तरेही कागदावर घ्यावीत.

एक, यंत्राची माणसांवर चाचणी झाली का, किती जणांवर, आणि निकाल कोणत्या मान्य वैद्यकीय नियतकालिकात छापला?

दोन, परवाना मिळाला असेल तर कोणत्या प्रकारचा? पूर्ण की सवलतीचा? कोणत्या रुग्णांसाठी?

तीन, बिल कोण भरणार? रुग्ण, विमा की सरकार? त्यांनी मंजुरी दिली आहे की ती मिळायची आहे?

चार, गल्ल्यात आज किती रक्कम आहे आणि महिन्याचा खर्च किती? पहिल्याला दुसऱ्याने भागले की कंपनी किती महिने जगेल ते कळते. पुढच्या चाचणीचा निकाल त्यानंतर येणार असेल तर आपला भाग पातळ होणार हे नक्की समजावे.

पाच, ताळेबंद बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासला आहे का? शेअर नोंदलेल्या बाजारात नसेल तर तो परत विकायचा कोणाला?

सहा, उद्या कंपनी बंद झाली तर ज्यांच्या शरीरात यंत्र आहे त्यांची देखभाल कोण करील? या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडे पैसे ठेवू नयेत.

सहाही उत्तरे पटली तरी रक्कम तेवढीच घालावी, जी सगळी बुडाली तरी कारागिरांची मजुरी, दुकानाचे भाडे आणि मुलांची फी थांबणार नाही. हजसाठी बाजूला काढलेले, मुलीच्या लग्नासाठी जमवलेले, भावाने किंवा शेजाऱ्याने अमानत म्हणून ठेवलेले पैसे यात घालू नयेत. उसने काढून तर मुळीच नाही. आणि घातलेले पैसे आठ-दहा वर्षे परत येणार नाहीत असे धरून चालावे, कारण सेकंड साइटला स्थापनेपासून अमेरिकेच्या परवान्यापर्यंत पोचायलाच पंधरा वर्षे लागली होती.